बेटावर ये

मारुतीराव घाडींचा कुणावरही विश्वास नाही, हे आमच्या सीमाभागातल्या येळ्ळुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बसचा बोर्ड वाचल्यावरही ते कंडक्टरला विचारतात, ही येळ्ळूरलाच जाते ना. आणि कंडक्टर हो म्हणाला की शेजारी बसलेल्याला विचारतात, हा खरं सांगतो ना. एका डॉक्टरनं दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय गिळत नाहीत. त्यांच्या पत्नी मालुबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "ह्येंच्या मनात काय हाय ते मला चाळीस वर्सांत कळलं न्हाय, पर माझ्या पिशवीत काय हाय ते ह्येंना रोज कळतंय."

असा माणूस संसाराला अवघड, पण प्रूफं तपासायला लाखात एक. माझा शहापुरात छापखाना आहे. आजोबांचे दोन माग जिथं खडखडायचे तिथं आता दोन संगणक आणि एक छपाईचं यंत्र खडखडतं. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, संमेलनांच्या स्मरणिका आणि वर्षाकाठी चार-दोन पुस्तकं, एवढा माझा पसारा. मारुतीराव मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दर मंगळवारी-शुक्रवारी माझ्याकडे येऊ लागले.

लाल शाईचं पेन, ओळीखाली धरायला पट्टी, आणि समोर येईल तो शब्द गुन्हेगार. इतर मुद्रितशोधक शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढतात. मारुतीरावांनी बारा वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. ते खोडायचे. आमच्याकडं बायकासुद्धा बोलताना 'मी गेलतो, मी आलतो' म्हणतात; कुणा लेखिकेनं ते तसंच लिहिलं की मारुतीराव 'गेले होते' करून मोकळे. बाईंना एकदा विचारूया का, असं मी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "चोराला इचारून पंचनामा करत्यात व्हय रं रवळू?" रवळू म्हणजे मी. त्यातून मराठीत कन्नड शब्द शिरलेला दिसला तर विचारूच नका. त्या घुसखोरांची ते वेगळ्या कागदावर यादी ठेवतात.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एक बाई छापखान्यात आल्या. तारामती उगारे, राहणार बोरगाव, माहेर सदलगा. वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर फिकट सुती लुगडं, कापडी पिशवीत दहा वह्या. बरोबर मुलगा होता, अरिहंत. "आईला साखर न्हाय, बीपी न्हाय, फक्त ह्ये एक खूळ हाय," एवढं सांगून तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

खूळ म्हणजे कादंबरी होती, 'तांडेलाची वाट' नावाची. अडीचशे वर्षांपूर्वीची, किनाऱ्यापासून लांब भर समुद्रातल्या सात द्वीपांवरची. चंदना नावाची मुलगी आणि परमुलखातून आलेला एक तांडेल, म्हणजे जहाजावरचा मुख्य खलाशी. दोघांचं जमतं, पळून जायचं ठरतं. तांडेल चिठ्ठी पाठवून भेटायची जागा कळवतो. चंदना दिवसभर तिथं थांबते. तांडेल येत नाही, आणि पुन्हा कधी कुणाच्या दृष्टीस पडत नाही. चंदनाच्या मनात बसतं की आपल्या थोरल्या भावानंच त्याचा काटा काढला. त्यापुढची दोनशे पानं ती त्या भावाकडं संशयानं बघत जगते.

मी सहज विचारलं, मग मारला का हो भावानं? बाई म्हणाल्या, तेच ठरायचंय. नऊ वह्या भरलेल्या होत्या, दहावी कोरी. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं आणि त्यासाठी त्यांच्या दोन अटी होत्या. प्रूफं येळ्ळूरच्या घाडी मास्तरांनीच बघायची. त्यांचं नाव बाईंनी एका स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर वाचलं होतं. आणि लेखिका कोण, कुठली, हे मास्तरांना आधी सांगायचं नाही. वाचून झालं की त्यांना एवढंच विचारायचं, भावाला दोषी धरायचं का नाही. ते सांगतील तसा शेवट.

मला हे सगळं जरा चमत्कारिकच वाटलं. समुद्र कधी पाहिलाय का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या. पुरात सदलगा चारी बाजूंनी पाण्यात बसतंय, तेवढं पुरे झालं. मग पिशवीची नाडी आवळत हळूच म्हणाल्या, "तेवढा त्या भावाचा निकाल लागू द्या. मी जायच्या आदी." तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी कादंबरीला मुखपृष्ठ कसलं करावं याच विचारात होतो.

पहिल्या दिवसापासून मारुतीरावांना वास आला. पानावर लेखकाचं नाव का नाही? मी म्हटलं, बाईंची तशी इच्छा आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. जो नाव लपवतो त्यानं माल चोरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या प्रकरणात त्यांना पुरावाही सापडला. सातही ठिकाणांना बाईंनी 'द्वीप' म्हटलं होतं आणि 'बेट' हा शब्द भलतीकडंच वापरला होता. 'चंदना बेट चढून गेली.' 'बेटाच्या माथ्यावर देवळाची दीपमाळ होती.' मारुतीरावांनी टेबलावर पट्टीच आपटली. मराठीत बेट म्हणजे पाण्यानं वेढलेली जमीन. फार तर उसाचं बेट, बांबूचं बेट. ते चढणार कसं? डोंगराला बेट्ट म्हणतात ते कन्नडमध्ये. म्हणजे कादंबरी मुळात कुणातरी कन्नड लेखकाची, आणि बाईंनी ती उतरवून काढली. उतरवताना बेट्टाचं बेट झालं आणि चोरी उघडी पडली.

खटला पक्का करायला ते गल्लीतल्या यल्लाप्पांकडं गेले. यल्लाप्पा कन्नड शाळेतले निवृत्त शिक्षक, वाचन दांडगं. अशी कादंबरी कन्नडमध्ये आपल्या वाचनात तरी नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यावरून मारुतीरावांना यल्लाप्पांचाच संशय येऊ लागला. अजून दोन पुरावे मिळू देत, मग संमेलनवाल्यांना पत्र टाकतो, हे चोरीचं पुस्तक कुणी हातात धरू नका म्हणून, असं ते मला बजावत होते.

खरं सांगायचं तर तोवर मीही डळमळलो होतो. संशय खोकल्यासारखा असतो, रोज शेजारी बसलं की लागतो. समुद्र न बघितलेली बाई जहाजाच्या शिडांची नावं लिहिते, हे मला आता खटकायला लागलं. पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा मी आडून आडून चौकशी केली. त्या शांतपणे म्हणाल्या, शिडांची नावं बोरगावच्या वाचनालयातून घेतली, बाकीचं माझ्याजवळ होतं. सदलग्यात घडवलं असतं तर उद्या लोकांनी बोट दाखवलं असतं; म्हणून लांब समुद्रात नेलं आणि अडीचशे वर्षं मागं ढकललं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई चलाख आहे.

एका शुक्रवारी दुपारी मारुतीराव पान एकशे बारावर आले. तांडेलाची चिठ्ठी त्या पानावर होती. त्यांनी मला हाक मारून ती मोठ्यानं वाचून दाखवली.

"'रविवारी सकाळी बेटावर ये. चहा पिऊन ये. तिथं काही मिळत नाही.' बघ रं रवळू. अडीचशे वर्सांमागं समुद्रातली पोरगी चहा पिऊन निघालीया."

मीही हसलो. मारुतीरावांनी 'चहा'वर रेघ मारायला पेन टेकवलं, आणि ते पेन तिथंच राहिलं. लाल शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. मी म्हटलं, काय झालं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा तेच पान वाचलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, ही बाई कुठली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, बोरगावची, माहेर सदलगा, नाव तारामती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि उठून चालू लागले. पट्टी विसरले, पिशवी विसरले. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडं काहीही विसरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. फोन मालुबाई उचलायच्या आणि म्हणायच्या, माडीवरनं खाली येत नाहीत. शेवटी मी त्यांची पिशवी घेऊन येळ्ळूर गाठलं. मालुबाई पुढच्या सोप्यात सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसल्या होत्या. मारुतीराव खाली आले, बायकोकडं पाठ करून बसले आणि कुणी न विचारता बोलायला लागले.

ते पंचवीस वर्षांचे असताना सदलग्याच्या मराठी शाळेवर मास्तर होते. तारामती तिथल्याच एका जैन घरातली. घरात कन्नड, शाळा कन्नड. मराठी कादंबऱ्या वाचायची ओढ म्हणून मास्तरांकडून पुस्तकं न्यायची, आणि पुस्तकांतून चिठ्ठ्या जाऊ-येऊ लागल्या. तिच्या घरून होकार मिळणं शक्यच नव्हतं. पळून जायचं ठरलं. दूधगंगेच्या वळणावर पाण्यानं तोडून काढलेला जमिनीचा एक तुकडा होता, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून जाता यायचं. तिथून पलीकडच्या काठानं वाट धरायची. त्यांनी चिठ्ठीत लिहिलं, रविवारी सकाळी बेटावर ये. तिथं चिटपाखरू नसायचं, म्हणून चहाचं लिहिलं.

ते उजाडल्यापासून ऊन कलेपर्यंत थांबले. ती आली नाही. दुपारी काठावरून तिच्या थोरल्या भावाची, महावीर अण्णाची बैलगाडी गेली. अण्णानं बेटाकडं बघितलं, शेजारी बसलेल्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. मारुतीरावांनी काय ते ओळखलं. पोरीनं चिठ्ठी भावाला दाखवली आणि घरानं मिळून आपला तमाशा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि येळ्ळूर गाठलं. पत्र नाही, निरोप नाही.

"तवापासनं मी कुनावर इस्वास टाकला न्हाय," ते म्हणाले. "आनि आता ती लिहितीया, ती बेटावर दिवसभर थांबली म्हनून. खोटं हाय रं. मी होतो तिथं. ती आलीच न्हाय. अण्णा माझ्याशी कदी बोललापन न्हाय, आनि ही त्याला खुनी करून बसलीया."

मी उगाच त्यांच्या पिशवीतले कागद नीट करत बसलो, तर वर ती घुसखोर शब्दांची यादी आली. मी ती वाचली, आणि मग मोठ्यानं वाचली. 'बेट : डोंगर या अर्थी (कन्नड बेट्ट). चौदा वेळा.'

मालुबाईंचं सूप थांबलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे ती डोंगरावर गेलती व्हय?"

 मालुबाईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला आणि नवऱ्याच्या पाठीकडं बघत म्हणाल्या, "चौदा येळा सांगितलंय तिनं. तुमी मोजलं, ऐकलं न्हाय."

मला त्या क्षणी मारुतीरावांची दया आली आणि रागही आला. दुसऱ्याच्या लिखाणातला काना-मात्रा न सोडणाऱ्या माणसानं आयुष्यातला एक शब्द पडताळून बघितला नव्हता. आणि मालुबाईंचं तर मला नवलच वाटलं. चाळीस वर्षं ज्या संशयाखाली त्यांनी पिशव्या उघडून दाखवल्या, तो कुठून आला होता ते त्यांना आज कळत होतं, आणि त्या तांदूळ निवडत होत्या.

पुढच्या मंगळवारी मी तारामतीबाईंना बोलावून घेतलं. मारुतीराव वेळेच्या तासभर आधी येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मांडीवर एक गाठोडं होतं. मालुबाईंनी बाईंसाठी येळ्ळूरचा तांदूळ बांधून दिला होता.

बाई आल्या, दारातच थांबल्या. एकमेकांना ओळखायला दोघांनाही वेळ लागला नाही. मी उठायला लागलो तर मारुतीरावांनी माझं मनगट धरून खाली बसवलं. त्यांना एकट्याला ते झेपणार नव्हतं. त्यांनी पान एकशे बारा बाईंसमोर सरकवलं आणि 'बेट' या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्ये नदीतलं," ते म्हणाले. "पान्यातला तुकडा. मी तिथं होतो."

बाईंनी पान जवळ ओढून तो शब्द वाचला. मग म्हणाल्या, त्याला तर आम्ही नडुगड्डी म्हणतो. बेट म्हणजे बेट्टच असं त्यांनी धरलं होतं. मराठी मास्तर, मराठीत हा शब्द एका 'ट'नंच लिहीत असतील. पुढं पेपरात अंदमान बेट असं वाचलं तेव्हाही त्यांना वाटलं, तिथं डोंगर असतील. आणि जैनाच्या पोरीला घरातून एकटीनं निघायचं तर बेट्ट एकच, स्तवनिधीच्या तीर्थाचं. दर्शनाला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही.

"मी बसलतो तिथं," त्या म्हणाल्या. "निपाणीची शेवटची गाडी जाईस्तवर. चहाची दुकानं व्हती की पायथ्याला. मला वाटलं, मास्तर असं का लिवत्यात."

 बाईंनी मग तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी त्यांनी नऊ वह्या भरल्या होत्या. "आनि अण्णा?"

"अण्णांनी काय केलं न्हाय. त्यांना काय ठावकीच नव्हतं. ते गाडीवर हसले, मी काय ते धरलं. आनि गेलो."

मला वाटलं होतं बाई रडतील. त्या रडल्या नाहीत. पदरानं पानावरचा लाल ठिपका पुसायचा प्रयत्न करत राहिल्या, तो कधीच वाळून गेलेला होता. मास्तर गावातून एकाएकी गेले तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं होतं, अण्णानं धमकावलं किंवा त्याहून वाईट काहीतरी केलं. तेव्हापासून त्या अण्णाशी बोलल्या नाहीत. लग्नात त्याच्या पाया पडल्या नाहीत. दर भाऊबीजेला अण्णा सदलग्याहून बोरगावला यायचा, बाहेर कट्ट्यावर बसायचा, पाणी पिऊन जायचा. त्यांनी त्याला कधी ओवाळलं नाही. त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात अण्णा वारला. तेराव्या दिवशी वहिनीनं सांगितलं, शेवटपर्यंत विचारत होता, ताराचा माझ्यावर राग कशाचा. तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली आणि त्यांनी पहिली वही आणली.

"दर भाऊबीजेला इचारायचा, मास्तर," त्या म्हणाल्या. "तारा, माझं काय चुकलं? मी आत निघून जायचो. तुमी शिकवणारं, मी शिकणारी, आपुन दोघांनी एकमेकाला इचारलं न्हाय. तो तिसरी शिकल्याला. तो एकटा इचारत व्हता."

मारुतीरावांनी गाठोडं त्यांच्यापुढं ठेवलं. हे मालुबाईंनी दिलंय, असं सांगितलं. बाईंनी तांदूळ घेतला, कपाळाला लावला आणि मालुबाईंना सांगा, मी एकदा येऊन जाते, असं म्हणाल्या.

दहावी वही त्यांनी महिनाभरानं पाठवली. शेवटच्या प्रकरणात कुणी कुणाला मारत नाही. म्हातारी चंदना भावाच्या समाधीपाशी आरतीचं ताट घेऊन जाते आणि वारा असल्यामुळं तिला दिवा लावता येत नाही, एवढंच आहे. पुस्तक छापून झालं. अर्पणपत्रिकेवर 'महावीर अण्णास' आहे. चिठ्ठीतला चहा मी काढूया म्हटलं होतं, वाचक हसतील. मारुतीरावांनी समासात लिहिलं, 'असू द्या.' चौदा बेटंही तशीच राहिली, खाली तळटीप देऊन.

मारुतीराव आजही मंगळवारी-शुक्रवारी येतात. बसचा बोर्ड वाचून कंडक्टरला विचारतात, सत्तरीत माणूस किती बदलणार? पण प्रूफं बघताना आता त्यांचं पेन अडतं. खोडायच्या जागी ते समासात 'विचारा' असं लिहितात आणि माझा निम्मा दिवस फोन करण्यात जातो. परवा एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या आजीचं नाव मष्णूबाई आलं. मष्णू हे बाप्याचं नाव; मारुतीरावांनी पूर्वी डोळे झाकून खोडलं असतं. त्यांनी लिहिलं, 'विचारा.' मी वैतागून फोन लावला, आणि पलीकडून आजीनंच उचलला. नाव बरोबर होतं.